गोल सह्यांचा अर्ज

"ह्यात पहिलं नाव कुठलं समजायचं, बाई?"

तक्रार खिडकीतल्या कारकुनानं सह्यांचं पान आधी उभं धरलं, मग आडवं, मग उलटं. पानाच्या मधोमध एक मोठं वर्तुळ होतं आणि त्याच्या कडेकडेनं चारी बाजूंना सतरा सह्या होत्या. कुठूनही बघितलं तरी निम्म्या उलट्याच दिसायच्या.

"पहिलं कुठलंच नाही," मी म्हटलं. "सगळ्या गल्लीची मिळून तक्रार आहे."

"ते झालं हो. पण ह्याला एकच नाव लागतं." त्यानं टेबलावरच्या नव्या कंप्युटरकडे वैतागून बोट दाखवलं. "अर्जदाराचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. तुमचंच घालू? अक्षर तुमचंच दिसतंय."

मागं रांगेत गावातली माणसं उभी होती. त्यात आमच्या गल्लीतलं कुणी आहे का, हे मी तोवर तीनदा वळून बघितलं होतं.

"नाव बाहेर जातं का?"

"छे! गुप्त असतं. आमच्या रेकॉर्डपुरतं."

मी पान त्याच्या हातातून घेतलं, जरासं फिरवलं आणि परत दिलं.

"हे वरचं घ्या."

"शेवंता बाळू बुरूड," त्यानं वाचलं. "निशाणी अंगठा." आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत तो टाइप करू लागला. मला पावती मिळाली. ती पर्समध्ये घालताना मला चक्क हलकं वाटलं होतं, हे आज वीस-एकवीस वर्षांनी सांगायची लाज वाटते.

आमचं गाव यंत्रमागांचं. दिवसरात्र खटखट चाललेली, पण तिचं कुणाला काही वाटत नाही; माग बंद पडले की उलट झोप मोडते. मी तिथं प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आमचे हे माग दुरुस्त करणारे जॉबर होते, सकाळी आठ ते रात्री आठ. गल्लीत आमच्या घराला लागून शेवंताक्काची एक खोली आणि तिला लागून अशोक खवरेचं पत्र्याचं गोडाऊन. त्या गोडाऊनात घरगुती टाक्यांतला गॅस मोटर लावून रिक्षांत आणि गाड्यांत भरायचं काम चाले. परवाना वगैरे काही नाही. उन्हाळ्यात पत्रे तापले की असा वास सुटायचा, की माझ्यासारखीला अन्न जायचं नाही. मला तेव्हा सहावा महिना होता. आधीची दोन हाताला लागली नव्हती. कधी काय पेट घेईल ह्या धास्तीनं मी पोटावर हात ठेवूनच झोपायची.

मग कुणी बोलत का नव्हतं? बोलला होता एक जण. कोपऱ्यावरच्या मुळीक शिंप्यानं एकदा खवरेला तोंडावर सांगितलं, की वासानं गिऱ्हाईक थांबत नाही. आठ दिवसांनी त्याच्या दुकानातल्या तिन्ही मशिनींचे पट्टे कापलेले सापडले. कुणी कापले ते कुणी बघितलं नाही. खवरे स्वतः बाजारात जाऊन नवे पट्टे घेऊन आला आणि मुळीकला म्हणाला, "दुकान उघडं टाकून जात जाऊ नका, दिवस वाईट आहेत." हा माणूस आवाज चढवायचाच नाही. कुणाच्या घरी टाकी संपली की द्यायचा, आजारी माणसाला आपल्या गाडीतून दवाखान्यात पोचवायचा. त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही. नुसतं भ्यायचं.

गोल सह्यांची युक्ती माझ्या सासऱ्यांची. त्यांच्या काळी मागवाले कामगार मालकाला अर्ज द्यायचे तेव्हा अशाच सह्या करायचे. वर कुणी नाही, खाली कुणी नाही, म्हणजे पुढारी कोण ते मालकाला कळायचं नाही आणि एकट्याला धरून कुणाला कामावरून काढता यायचं नाही. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती, पण गोष्ट माझ्या डोक्यात पक्की होती. पापडाच्या डब्याचं झाकण कागदावर ठेवून मी वर्तुळ काढलं आणि दोन दुपारी घरोघर फिरले. गोल बघून लोकांना धीर आला. मुळीकनंसुद्धा सही केली. त्या अर्जाला कधी कंप्युटर भेटेल, हे बिचाऱ्या सासऱ्यांना कुठून माहीत असणार!

शेवंताक्कानं तर काय आहे हेही नीट विचारलं नाही. बुरूडकामात जन्म गेलेला, चुलीच्या धुरानं नाक केव्हाच निकामी झालेलं. तिला वास यायचाच नाही. "तू म्हनतीस न्हवं? मग दे हिकडं," म्हणाली आणि शाईत बुडवलेला अंगठा तिनं दाबून उठवला. तिचा माझ्यावर एवढा विश्वास असायचं कारण होतं. तिचा एकुलता एक मुलगा मारुती. कामाला म्हणून भिवंडीला गेला आणि दोन वर्षं पत्रं पाठवून एकाएकी गप्प झाला. अकरा वर्षं झाली होती. दर श्रावणात ती सरकारला अर्ज करायची, की माझ्या मुलाचा तपास लावा. मी लग्न होऊन आल्यापासून तो अर्ज मीच लिहीत होते.

मग मी तिचंच नाव का पुढं केलं? खिडकीपाशी मनाला समजावलं होतं ते असं: म्हातारी आहे, एकटी आहे, तिचं कोण काय वाकडं करणार? आणि माझ्या पोटात लेकरू आहे. हे दोन्ही खरं होतं. म्हणून तर ते इतक्या पटकन सुचलं.

आठ दिवस काही झालं नाही.

नवव्या दिवशी, एप्रिलातल्या रणरणत्या दुपारी, मी सकाळची शाळा करून घरी आले. पायांवर पाणी घेते न घेते तोच आक्का दारात आली. तिच्या हातात खाकी लिफाफा होता.

"बाई, शिपाई देऊन गेला. सरकारचा कागद हाय. तू लिवल्याल्या अर्जाचं उत्तर आलं बघ. माझ्या मारुतीचा पत्ता लागला काय गं?"

मी लिफाफा घेतला, फोडला आणि वरच्या दोन ओळी वाचल्या.

ती नोटीस होती, खवरेच्या नावची. त्याच्या जागेत घरगुती गॅसचा विनापरवाना साठा व भरणा होत असल्याची तक्रार आली आहे, सबब आज रोजी दुपारी चार वाजता स्थळपाहणी होईल, आपण हजर राहावे. आणि सगळ्यात खाली, डाव्या अंगाला, सरकारी रिवाजाप्रमाणे: 'प्रत माहितीस्तव : श्रीमती शेवंता बाळू बुरूड, तक्रारदार. पाहणीवेळी उपस्थित राहावे.'

कारकुनानं दुष्टपणा केला नव्हता. अर्जदाराला प्रत द्यायची असते म्हणून त्यानं दिली, आणि कुणाकुणाला प्रत दिली ते मूळ कागदावर लिहायचं असतं म्हणून लिहिलं. मूळ कागद खवरेला.

"वाच की गं मोठ्यानं," आक्का म्हणाली.

"वाचा की बाई," मागून आवाज आला.

खवरे होता. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. आमच्या पायरीच्या समोर सावलीत तो उभा होता, कधीपासून कुणास ठाऊक. "आक्का सकाळपासून कागद घेऊन तुमची वाट बघत होती. वाचा. मला पण ऐकू दे."

मी कागदाकडे बघितलं. अक्षरं नाचत होती. आता ह्याच्यासमोर काय वाचू? तक्रारदार म्हणून हिचं नाव आहे, असं मी मोठ्यानं वाचलं तर ही काय म्हणेल? 'तूच न्हवं का अंगठा घेटलास?' असंच म्हणेल. मी तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते असं:

"'आपल्या अर्जाबाबत... चौकशी सुरू आहे. आज दुपारी चार वाजता... साहेब येतील. आपण हजर राहावे.'"

मारुतीचं नाव मी घेतलं नाही. पण तिनं माझा हात धरून "सायेब माझ्या घरी येनार? मारुतीसाठनं?" असं विचारलं तेव्हा मी 'नाही'सुद्धा म्हटलं नाही.

म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आंगूळ करून घेतो. इरकल नेसतो," म्हणत ती जवळजवळ पळतच आपल्या खोलीत गेली.

खवरेनं शर्टाच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला. तसाच सरकारी शिक्का, तीच तारीख.

"माझ्याकडं पण आलाय असलाच," तो म्हणाला. "त्यात मारुतीचं काय नाही."

मी हातातला कागद पदराआड घेतला.

"आक्काला लिहिता येत नाही. तेव्हा अर्ज कुणी लिहिला, हे आज गल्लीत विचारत फिरावं लागणार होतं. तुम्ही वाचून दाखवलंत आणि माझा त्रास वाचला." तो हसला. चांगला हसरा चेहरा होता त्याचा. "घाबरू नका. तुमच्या दिवसांत घाबरू नये. तुमचं नाव कागदावर नाही, मी पण काढणार नाही. दार लावून पडून राहा. पाचपर्यंत सगळं मिटतंय."

मग तो आक्काच्या दारात गेला. त्याचा आवाज मला नीट ऐकू आला. "आक्का, आतलं गोडाऊन रंगवायला काढलंय. चार टाक्या तेवढ्या तुझ्या खोलीत ठिवतो. सांजच्याला नेतो."

"ठिव की लेकरा," आक्का आतून म्हणाली. "आज कायबी ठिव."

मी दार लावलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्याचा बेत ध्यानात यायला मला वेळ लागला नाही. साहेब येणार, गोडाऊन धुतल्यासारखं रिकामं, आणि माल तक्रार करणारीच्या घरात. भिंतीपलीकडं टाक्या जमिनीवर टेकत होत्या. एक, दोन, तीन. मी मोजत राहिले. चार म्हणाला होता, अकरा झाल्या. आणि त्या बोळकांडीएवढ्या खोलीत एका कोपऱ्यात आक्काची चूल.

वास सुरू झाला. भिंतीच्या वरच्या फटीतून तो आमच्या घरात उतरू लागला. कुठली तरी टाकी गळत होती. पोटातलं लेकरू एकदम हललं आणि मी तोंडावर पदर धरून हुंदका दाबला, पलीकडं ऐकू जाईल म्हणून. अजून दोन वाजायचे होते.

ह्यांना बोलावू? ते येतील आणि खवरेच्या अंगावर जातील, मग पट्टे तोडून भागायचं नाही. फोन करू? बूथ खवरेच्या फाटकासमोर. शेवटी मागच्या बोळातून मी मुळीक शिंप्याकडं गेले. तो मशिनीवर वाकला होता. मी सगळं सांगितलं, फक्त पान फिरवलेलं सोडून.

"आमची सही गोलात हाय न्हवं, बाई?" तो मान वर न करता म्हणाला. "मग आमाला एकट्याला कशाला पुढं करता?"

मी तशीच मागच्या बोळातून घरी परत आले, माजघरात पाण्याच्या घागरीशेजारी बसले आणि घड्याळाकडं बघत राहिले. खरं सांगायचं तर दीड तास मी एकच गोष्ट स्वतःशी घोकत होते: तुझं नाव कागदावर नाही, तुझं नाव कागदावर नाही.

चारला पाच कमी असताना जीप आली, मागं एक रिकामा टेम्पो. मी दाराच्या फटीला डोळा लावला. गल्लीतली दारं एकेक करून अर्धी झाली. प्रत्येक फटीत एकेक डोळा असणार.

निरीक्षक घामानं निथळत होते. सोबत शिपाई, हातात फाइल. खवरेनं त्यांना आपलं गोडाऊन फिरवून दाखवलं. बाहेर येऊन ते म्हणाले, "इथं तर काही नाही. तक्रारदार कोण? शेवंता बुरूड?"

आक्का आपल्या उंबऱ्यात उभीच होती. हिरवी इरकल, केसांना तेल, कपाळावर गोंदणाच्या खाली बुक्का. छातीशी मारुतीचा फोटो धरलेला.

"मीच सायेब."

"अर्ज तुमचाच ना?"

"व्हय. दर सालाला करतो आमी."

साहेबांनी नाकाला रुमाल लावून आत वाकून बघितलं आणि भुवया चढवल्या. शिपायानं मोजलं. "अकरा आहेत, साहेब."

"ह्या टाक्या तुमच्याकडं आहेत?"

"व्हय की. माझ्याच खोलीत हाईत न्हवं?" आक्का म्हणाली. साहेबाला दुखवायचं नाही, विचारील त्याला होय म्हणायचं, एवढंच तिनं ठरवलेलं दिसत होतं.

"कमाल आहे. तक्रार करणाऱ्याच्याच घरात माल."

"म्हातारं माणूस आहे, साहेब," खवरे हळूच म्हणाला. "कुणीतरी पैशाला भुलवून ठेवायला लावलं असेल. सांभाळून घ्या."

साहेब उंबऱ्यावरच फाइल गुडघ्यावर घेऊन पंचनामा लिहू लागले. त्यांना पाचच्या आत कचेरी गाठायची होती, मान वर करायला फुरसत नव्हती. आणि आक्का म्हणाली, "बसा सायेब, च्या टाकतो."

ती आत वळली. चुलीशेजारच्या कोनाड्यातून तिनं काड्याची पेटी घेतली.

मी कधी दार उघडलं, कधी साहेबांना ढकलून आत घुसले, मला आठवत नाही. मी तिच्या मनगटावर एवढ्या जोरानं हात मारला की पेटी टाक्यांच्या मागं जाऊन पडली. आक्का भेदरून माझ्याकडं बघत राहिली. त्या खोलीत श्वाससुद्धा घेता येत नव्हता.

ह्याला कुणी धाडस म्हणू नये. मधली भिंत एका विटेची होती, पेटलं असतं तर मीही मेले असते.

"कोण तुम्ही?" साहेब ओरडले.

"शेजारीण आहे," उत्तर खवरेनं दिलं. "शाळेत बाई आहेत. दिवस गेलेत, वासानं जीव घाबरा होतो त्यांचा. जा बाई, घरी जा. मी सोडू का?"

वाट मोकळी होती. त्यानं माझ्यासाठी दार उघडून धरावं तशी ती वाट करून दिली होती आणि मी खरंच दोन पावलं टाकली. उंबऱ्यापर्यंत आले.

"चला आजी, अंगठा द्या इथं," साहेबांनी शाईची डबी उघडली.

आक्कानं फोटो काखेत धरला आणि अंगठा पुढं केला. शाईत दाबला. मग साहेबांकडं बघून विचारलं, "आंगठा दिला की कवा येईल त्यो?"

"कोण?"

"माझा मारुती."

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी कागद पुढं सरकवला. त्या कागदावर मी माझा पंजा ठेवला. आक्काचा शाईचा अंगठा माझ्या हातावर उमटला.

"आक्का, देऊ नका," मी म्हटलं. "साहेब, तक्रार माझी आहे. अर्ज मी लिहिला. सह्या गोल होत्या, खिडकीवर मी पान फिरवून ह्यांचं नाव वर आणलं. ह्यांना काही माहीत नाही. टाक्या आज दुपारी ह्यांनी इथं आणून ठेवल्या." खवरेकडं बोट करायला माझा हात उचलला नाही, मी मानेनंच दाखवलं. "भिंतीपलीकडून मी मोजल्या. अकरा."

वर्गात पाठ नसलेली कविता म्हणणाऱ्या मुलीसारखं मी हे सगळं एका दमात म्हटलं.

साहेब वैतागले. लिहिलेलं सगळं खोडावं लागणार होतं. "तुमचं नाव?"

"हेमलता महावीर मगदूम."

"मोठ्यानं सांगा."

मी मोठ्यानं सांगितलं. गल्लीला ऐकू गेलं. साहेबांनी पंच म्हणून दोन माणसं मागितली. अर्ध्या उघड्या दारांतून एकही माणूस बाहेर आलं नाही. शेवटी शिपायानं आणि जीपच्या ड्रायव्हरनं सह्या केल्या.

टाक्या एकेक करून जीपमागच्या टेम्पोत गेल्या. खवरे शांतपणे बघत होता. जाताना माझ्याजवळ थांबला, माझ्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाला, "बरं केलंत, बाई. आता जपून राहा." पुढं कित्येक महिने ते वाक्य मला झोपू देणार नव्हतं.

पण त्या क्षणी मला त्याची भीती वाटत नव्हती. मला भीती वाटत होती ती आक्काची. ती उंबऱ्यात बसली होती.

"म्हंजे त्या कागदात मारुतीचं काय न्हाई?" तिनं विचारलं.

"नाही, आक्का."

"दुपारी वाचलीस तवाबी न्हवतं?"

"नव्हतं."

"आनि तुला ठावं हुतं."

"होतं."

मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "बरं," ती म्हणाली. पदरानं तिनं फोटोची काच पुसली, अंगठ्याची शाई काचेला लागली ती परत पुसली आणि उठून आत गेली.

खवरेचं पुढं सांगण्यासारखं काही नाही. दोन महिन्यांत त्यानं आपला धंदा हायवेपलीकडं हलवला. आम्हाला त्यानं बोटही लावलं नाही. तरी कुठलीही मोटारसायकल दारात हळू झाली की माझ्या काळजात धस्स व्हायचं. ह्यांनी खिडकीला जाळी बसवली, मी शाळेत जाताना रोज वेगळ्या बोळानं गेले. गल्लीतले लोक मला भेटले की मोठ्या मानानं "बाई, तुम्ही म्हणून झालं" असं म्हणायचे. आक्काचं नाव कुणी घ्यायचं नाही.

जुलैअखेर मला मुलगी झाली. नीट, रडकी, साडेसहा पौंडांची. पाचवीच्या दिवशी सकाळी दारात आवाज आला म्हणून बघितलं तर आक्का. हातात नवं कोरं सूप, कामट्या अजून हिरव्या. आमच्याकडं बाळाला पहिल्यांदा सुपात निजवतात, आणि गल्लीतल्या प्रत्येक बाळाचं सूप तीच विणायची. माझ्या लेकीचं तिनं खास बारीक विणीचं केलं होतं. काठ इतका घासून गुळगुळीत केलेला, की बोट फिरवलं तरी कुसळ लागू नये.

तिनं स्वतःच्या हातांनी मुलीला त्यात ठेवलं, कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "लई गुनाची हाय."

मला रडू आलं. एवढे दिवस आम्ही एका भिंतीआड राहून कामापुरतंच बोललो होतो. मला वाटलं, झालं, तिनं माझं सगळं पोटात घातलं. तिच्या काखेत एक कोरा फुलस्केप कागद गुंडाळून धरलेला होता. बाहेर श्रावण लागला होता.

"आणा आक्का," मी डोळे पुसत म्हटलं. "मारुतीचा अर्ज ना? आत्ता लिहून देते. बसल्या बसल्या होईल."

तिनं कागद काखेत आणखी आवळून धरला.

"नगं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू बाळातीन हाईस, पडून ऱ्हा. मुळीक शिंपी देतो म्हनलाय लिवून."

"त्याला कुठं नीट लिहिता येतंय, आक्का?"

"न्हाई येत," ती म्हणाली. मुलीच्या अंगावरचं दुपटं तिनं सारखं केलं, कागद घेतला आणि कोपऱ्यावरच्या दुकानाकडं निघून गेली.